उंबरा, चूल आणि कार्ड : 'कुटुंब' नावाच्या नोंदीचा इतिहास

१/ वेसाव्याच्या कोळीवाड्यातील एखादे दुमजली घर डोळ्यांसमोर आणावे. खाली आई आणि थोरला मुलगा, वर धाकटा मुलगा आणि त्याची बायको-मुले. या घरात कुटुंबे किती? वीज कंपनीच्या लेखी एक, कारण मीटर एक. शिधावाटप कार्यालयाच्या लेखी दोन, कारण कार्डे दोन. वारसाहक्काचा दावा चालवणाऱ्या न्यायालयाच्या लेखी पुन्हा एक, कारण मिळकत अविभक्त. बँकेच्या लेखी कुटुंब नाहीच, केवळ पाच खातेदार. चारही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. प्रश्न मात्र जुना आहे आणि त्याच्या उत्तरावर अन्न, घर आणि नाव अवलंबून राहिले आहे. त्याचा हा इतिहास.

२/ मराठी भाषेने हा प्रश्न दोन शब्दांनी सोडवला होता. गाव केवढे, असे विचारले की उत्तर येई : 'शंभर उंबऱ्यांचे.' उंबरा हे मोजमाप वास्तूचे. दुसरे मोजमाप चुलीचे. भावाभावांत वाटणी झाली की 'चूल वेगळी झाली' असे म्हणत. घर तेच, अंगण तेच, विहीर तीच, पण चूल वेगळी म्हणजे संसार वेगळा. एका उंबऱ्यात दोन चुली असू शकतात, हे व्यवहाराला ठाऊक होते. पुढे कागदाने जो घोळ घातला, त्याचे मूळ या दोन मोजमापांतील फरकातच आहे.

३/ मराठेशाहीच्या दप्तरांत घरांच्या मोजणीला 'खानेसुमारी' म्हणत. फारसीत 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमारी' म्हणजे मोजणी. घरपट्टी बसवायची तर आधी घरे मोजली पाहिजेत, हा त्यामागचा साधा हिशेब. माणसे किती हा प्रश्न दुय्यम होता, कारण कर माणशी नव्हे, घराला लागे. इंग्रजी अमदानीत माणसांची शिरगणती सुरू झाली, तरी एकोणिसाव्या शतकातील मराठीत तिलाही खानेसुमारी म्हणत. मोजायची वस्तू बदलली, नाव जुनेच राहिले.

४/ ही रीत केवळ इथली नव्हे. इंग्लंडमध्ये १६६२ साली चुलीवर कर बसला : दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. कर चुकवण्यासाठी काहींनी चुली विटांनी बुजवल्या. अधिकारी घरात शिरून चुली मोजतात याचा लोकांना इतका तिटकारा आला की १६८९ मध्ये तो कर रद्द करावा लागला. फ्रान्समध्येही जुन्या करमोजणीचे एकक 'चूल' हेच होते. राज्याला माणूस दिसण्याआधी त्याच्या घरचा धूर दिसत असे.

५/ वेसाव्याने राज्ये बदलताना पाहिली. खाडीपलीकडच्या मढच्या टोकावर पोर्तुगीजांचा किल्ला होता. तो वेसाव्याचा किल्ला म्हणूनही ओळखला जातो. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ साली तो मराठ्यांकडे आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि साष्टीवर ताबा बसवला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा कायम झाला. अर्ध्या शतकाच्या आत तीन सत्ता आणि हिशेबाच्या तीन रीती. होड्या त्याच, घरे तीच, चुलीही त्याच. बदलली ती मोजणाऱ्याची वही.

६/ शेजारच्या मुंबई बेटावर १८६४ साली शिरगणती झाली, तेव्हा ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. १८७२ मध्ये हाच आकडा ६,४४,४०५ वर आला. मधल्या काळात अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाची तेजी कोसळली आणि कामासाठी आलेले हजारो लोक परत गेले. मुंबईतील माणूस हा बहुधा दोन घरांचा माणूस होता. एक चूल गावी, एक बिऱ्हाड शहरात. त्याला कोणत्या घरात मोजायचे, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

७/ हा पेच प्लेगने उघडा केला. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि शहर रिकामे होऊ लागले. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली. ती फसवी वाटल्याने १९०६ मध्ये शहराची स्वतंत्र मोजणी झाली, तेव्हा आकडा ९,७७,८२२ निघाला. पाच वर्षांत दोन लाखांची भर पडली, ती मुख्यतः परतलेल्या माणसांची. मोजणीच्या दिवशी जो घरी नाही तो वहीतही नाही, हा धडा प्रशासनाला तेव्हा मिळाला.

८/ जनगणनेने अखेर व्याख्या निवडली ती चुलीचीच. सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. ती नात्याचीच असावीत अशी अट नाही. एका खोलीत राहून एकत्र रांधणारे चार मित्र हेही जनगणनेच्या लेखी एक कुटुंब. वसतिगृहे आणि मेस यांना 'संस्थात्मक कुटुंब' असा वेगळा कप्पा. ज्यांना छप्परच नाही त्यांच्यासाठी आणखी एक. व्याख्या सुटसुटीत होती, पण ती मोजण्यासाठी होती, हक्क देण्यासाठी नव्हे.

९/ न्यायालयाची व्याख्या वेगळी. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंब म्हणजे अन्न, देवपूजा आणि मिळकत यांत एकत्र असलेले कुटुंब. पण केवळ चूल वेगळी झाली म्हणून वाटणी झाली असे सिद्ध होत नाही. भाऊ वेगळे रांधतील, वेगळ्या गावी राहतील, तरी मिळकत अविभक्त असू शकते. म्हणजे जनगणनेची दोन कुटुंबे न्यायालयात एकच ठरतात. दोन्ही नोंदी सरकारी, दोन्ही खऱ्या. त्या एकमेकींना कधी भेटत नव्हत्या, म्हणून भांडणही होत नव्हते.

१०/ मग आले दुसरे महायुद्ध. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला. भात खाणाऱ्या मुंबईला हा मोठा धक्का होता. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग लागू झाले. त्याच वर्षी बंगाल दुष्काळात होरपळत होता. सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीने, लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत रेशनिंग असावे अशी शिफारस केली. आता कुटुंबाची नोंद दहा वर्षांनी एकदा उघडायच्या वहीतून बाहेर पडली आणि दर आठवड्याच्या पिशवीशी जोडली गेली.

११/ शिधापत्रिका ही या शहरातील लाखो घरांची पहिली 'ग्राहक नोंद' म्हणता येईल. तिच्यात सगळे होते. एक क्रमांक, एक पत्ता, ठरलेले एक दुकान, एक कुटुंबप्रमुख आणि त्याच्याखाली वय व नात्यासह बाकीची नावे. प्रौढाचे एक युनिट, मुलाचे अर्धे. मूल जन्मले की नाव चढवायचे, माणूस गेला की कमी करायचे. लग्नकार्य असले की साखरेचा वेगळा परवाना. आजचे सॉफ्टवेअर ज्याला 'हाऊसहोल्ड अकाउंट' म्हणते, ते दुकानदाराच्या मळकट वहीत तेव्हाच होते.

१२/ या नोंदीचा कणा होता 'कुटुंबप्रमुख' हा रकाना. त्यात बहुधा पुरुषाचे नाव येई आणि बाकी सगळे त्याच्या नात्याने ओळखले जात : पत्नी, मुलगा, सून. कोळीवाड्यात मात्र व्यवहार निराळा होता. पुरुष समुद्रावर जात. आलेली मासळी ताब्यात घेऊन, निवडून, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकणे हे काम बाईचे. भाव तिने करायचा, पैसा तिच्या हाती यायचा, घरखर्च तिने चालवायचा. ज्या घराची तिजोरी बाईच्या कमरेला, त्या घराच्या कार्डावर ती 'पत्नी' होती.

१३/ अशीच नोंद जपानने कायद्याने बांधली होती. १८७२ पासून तिथे 'कोसेकी' नावाची घराण्यांची नोंदवही सुरू झाली. प्रत्येक घराण्याला एक प्रमुख आणि बाकीच्यांचे अस्तित्व त्याच्या नोंदीखाली. लग्न झाले की मुलीचे नाव एका घराण्याच्या वहीतून निघून दुसऱ्याच्या वहीत जाई. महायुद्धानंतर घराणेप्रमुखाचे कायदेशीर अधिकार संपवण्यात आले. महाराष्ट्रात घराणेप्रमुखाचा असा कायदा कधी नव्हता, पण रेशनच्या खिडकीवरची रीत तीच होती. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नसे.

१४/ दोन दाखल्यांमधल्या त्या काळात ती बाई कुठल्याच कार्डावर नसे. ज्यांचे सासर टिकले नाही, त्यांच्यासाठी हा काळ वर्षांचा होई. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी राहते, माहेरच्या चुलीवर जेवते, पण तिचा शिधा तिच्या नवऱ्याच्या कार्डावर निघतो. नाव कमी करण्यासाठी कुटुंबप्रमुखाचा अर्ज हवा आणि कुटुंबप्रमुख तोच नवरा. रकान्यांच्या मांडणीत कुणाचा दुष्टपणा नव्हता. मांडणी करणाऱ्याने घर मोडते, ही शक्यता धरलेली नव्हती, इतकेच.

१५/ शिधा हा बायकांच्या राजकारणाचा विषय झाला तो उगाच नव्हे. १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल आणि रॉकेल महागले, तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. गोरेगावच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर तिच्या पुढाऱ्यांत होत्या. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि 'लाटणे मोर्चा' हा शब्द मराठीत रुजला. कार्डावर दुय्यम असलेल्या बाईने चुलीवरचे हत्यारच उचलून, या घराची जबाबदारी कोणाकडे आहे ते दाखवून दिले.

१६/ याच दशकात नोंदीने आणखी मोठी ताकद मिळवली. ४ जानेवारी १९७६ रोजी राज्य सरकारने मुंबईतील झोपडपट्ट्यांची गणना केली. झोपड्यांवर क्रमांक पडले आणि रहिवाशांना ओळखपत्रे मिळाली. पुढे लोकांच्या बोलण्यात 'फोटोपास' हा शब्द आला. इथे एकक चूल नव्हती, झोपडी होती. एका झोपडीत दोन भाऊ वेगळे रांधत असले तरी क्रमांक एकच. खानेसुमारीचा जुना उंबरा परत आला होता, आणि या वेळी त्याला पैशांची किंमत होती.

१७/ ती किंमत १९८५ मध्ये स्पष्ट झाली. पदपथावरील रहिवाशांना हटवण्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मात्र हटवण्याचा महापालिकेचा अधिकार कायम ठेवला. पर्यायी जागेबाबत न्यायालयाने १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना वेगळे काढले. नऊ वर्षांपूर्वी एका दिवशी कोणी दारावर येऊन नाव लिहून घेतले की नाही, यावर जागा मिळणार की नाही हे ठरले.

१८/ ज्यांना कोणी मोजले नव्हते, त्यांची मोजणी मग त्यांच्यासोबतच केली गेली. १९८५ मध्ये 'स्पार्क' संस्थेने पदपथावरील कुटुंबांची पाहणी करून 'वी, द इनव्हिजिबल' हा अहवाल काढला. लगेचच या बायकांची 'महिला मिलन' संघटना उभी राहिली. कोण केव्हा आले, काय काम करते, घरात किती जण, याची माहिती वस्तीच्या हाती आली. मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यातील अंतर कमी झाले की नोंद बदलते. वस्त्यांनी स्वतःची मोजणी स्वतः करण्याची ही पद्धत पुढे देशाबाहेरही गेली.

१९/ शिधापत्रिकेवर यानंतर उत्पन्न लिहिले गेले. १९९७ मध्ये केंद्राने लक्ष्यनिर्धारित वितरण व्यवस्था आणली. महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून तिरंगी कार्डे काढली : वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत पिवळे, एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरे. हे उत्पन्न माणसाचे नव्हे, कुटुंबाचे. चार भाऊ एका कार्डावर असतील तर चौघांची कमाई एकत्र धरली जाणार आणि रंग बदलणार. कालपर्यंत घरातल्या कुरबुरीने वेगळ्या होणाऱ्या चुली आता कार्डाच्या रंगासाठीही वेगळ्या होऊ लागल्या. 'विभक्त शिधापत्रिका' हा अर्जाचा नेहमीचा प्रकार झाला.

२०/ एककाची निवड किती महत्त्वाची, हे एका साध्या हिशेबात दिसते. अंत्योदय योजनेत २००२ पासून कार्डामागे महिना ३५ किलो धान्य मिळते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने 'प्राधान्य कुटुंबां'ना माणशी ५ किलो ठरले. दोघांच्या अंत्योदय घरात माणशी १७.५ किलो, दहाजणांच्या घरात माणशी ३.५. प्राधान्य गटात मात्र दोघांना १० किलो आणि दहाजणांना ५०. सातजणांच्या घरात दोन्ही पद्धती सारख्याच. सातापेक्षा मोठे घर असेल तर अधिक गरिबांसाठीची योजना माणशी कमी धान्य देते. फरक धोरणाच्या हेतूत नाही, 'कार्ड' मोजायचे की 'माणूस' यात आहे.

२१/ त्याच कायद्याच्या कलम १३ ने सत्तर वर्षांची रीत उलटवली. पात्र कुटुंबातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री हीच शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख असेल, असे त्यात लिहिले गेले. अशी स्त्री नसेल तरच पुरुष, आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की प्रमुखपद तिच्याकडे. वेसाव्याच्या बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला जे आधीपासून ठाऊक होते, ते कायद्याला २०१३ साली उमगले. नोंदीतील एक रकाना बदलला आणि 'कोणाच्या नात्याने कोण' याची सगळी दिशा फिरली.

२२/ आता यंत्राकडे. १९६० च्या दशकात आयबीएमने अपोलो चांद्रमोहिमेसाठी यानाच्या सुट्या भागांची जंत्री ठेवायला 'आयएमएस' ही प्रणाली घडवली. तिची रचना झाडासारखी : प्रत्येक नोंदीला वर एकच पालक. यानाच्या स्क्रूला ही रचना शोभते, कारण स्क्रू एकाच भागात बसतो. माणसाला शोभत नाही. गंमत अशी की रेशनकार्डाची रचना हीच होती. वर एक प्रमुख, खाली बाकीचे, आणि प्रत्येकाला एकाच झाडावर जागा.

२३/ १९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी वेगळी कल्पना मांडली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि संबंध हेही माहितीच मानावेत. म्हणजे माणसांचा एक तक्ता, घरांचा दुसरा, आणि 'कोण कोणत्या घरात, कोणत्या नात्याने, कधीपासून' याचा तिसरा. या तिसऱ्या तक्त्यात एकच बाई माहेरची मुलगी, सासरची सून आणि स्वतःच्या भाड्याच्या खोलीची प्रमुख अशा तिन्ही रूपांत नोंदवता येते. कुठलाही दाखला आणण्यापूर्वी ती अदृश्य होत नाही.

२४/ आजची कस्टमर सर्व्हिस सॉफ्टवेअरे याच पायावर उभी आहेत. विमा, बँक, गॅस, केबल यांच्या ग्राहकसेवेत एका घरातील ग्राहक 'हाऊसहोल्ड' म्हणून एकत्र बांधले जातात. फोन उचलणाऱ्याला पडद्यावर सगळे घर दिसते : कोणाच्या नावे कोणती सेवा, मुख्य संपर्क कोण, मागची तक्रार कोणती. सोय मोठी आहे. पण 'मुख्य संपर्क' हा रकाना म्हणजे जुना 'कुटुंबप्रमुख'च, आणि तो कोणी भरला यावर पुन्हा बरेच काही ठरते.

२५/ शिवाय प्रत्येक व्यवस्थेची किल्ली वेगळी. उपनगरांना वीज पुरवण्यासाठी १९२९ साली 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' कंपनी स्थापन झाली. विजेचा ग्राहक क्रमांक मीटरला, म्हणजे उंबऱ्याला चिकटतो. म्हणून आजोबांना जाऊन वीस वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येत राहते. रेशनकार्ड चुलीला चिकटते. आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हा तिसरी किल्ली आली : ती थेट माणसाला चिकटते.

२६/ आधार कार्डाशी जोडल्यावर रेशन कुठूनही उचलता येईल, ही कल्पना त्यातूनच निघाली. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांत 'एक देश, एक रेशनकार्ड' सुरू झाले आणि जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचले. बाहेरगावाहून येऊन बोटीवर काम करणारा खलाशी आपल्या वाट्याचे धान्य मुंबईत उचलू शकतो आणि उरलेले त्याचे घर गावी उचलते. दोन घरांचा तो जुना मुंबईकर, ज्याला १८७२ आणि १९०१ च्या वह्यांत नीट जागा मिळाली नव्हती, त्याला अखेर दोन्हीकडे जागा मिळाली.

२७/ धोके मात्र संपलेले नाहीत. एकसारखे आडनाव आणि एकच पत्ता दिसला की यंत्र दोन नोंदी एकत्र करू पाहते. कोळीवाड्याच्या एका गल्लीत एकाच आडनावाची अनेक घरे असतात. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, शिवगल्ली अशी गल्लीची ओळख हाच तिथला खरा पत्ता असतो आणि तो बऱ्याच अर्जांत लिहायलाच जागा नसते. चुकून एकत्र झालेल्या दोन चुली पुन्हा वेगळ्या करणे हे जोडण्यापेक्षा कितीतरी कठीण. आणि छळातून घर सोडलेल्या बाईचा नवा पत्ता जुन्या घराच्या पडद्यावर दिसू लागला, तर ती चूक केवळ नोंदीची राहत नाही.

२८/ यावरचा उपाय मराठी दप्तरात आधीपासून आहे. सातबारा उताऱ्यावर मालकी बदलली की फेरफार नोंदवहीत क्रमांकासह नोंद होते. कोणत्या कारणाने, कोणत्या तारखेला, कोणाच्या अर्जावरून, हे लिहिले जाते. हाती लिहिलेल्या जुन्या सातबारावर कमी झालेले नाव खोडले जात नसे, त्याला कंस केला जाई. म्हणजे नाव हक्कातून गेले, पण इतिहासातून गेले नाही. शंभर वर्षांनंतरही नातवाला त्या कंसाचा माग काढता येतो.

२९/ कुटुंबाची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला, मग ती वहीत असो वा सर्व्हरवर, या प्रवासातून चार गोष्टी शिकता येतात. माणसाची नोंद स्वतंत्र असावी आणि घराशी तिचा संबंध वेगळा लिहावा. एका माणसाला एकाहून अधिक घरे असू शकतात, हे गृहीत धरावे. प्रमुख कोण, हे घराला विचारावे, रकान्याने ठरवू नये. आणि संबंध संपला की तो पुसू नये, त्याला तारीख घालून कंस करावा. बाहेर पडण्याचा अर्ज, जो बाहेर पडतो त्यालाच करता यावा.

३०/ पुन्हा वेसाव्याच्या त्या दुमजली घराकडे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि सगळे घर घरी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो, तेव्हा खालची आणि वरची अशा दोन्ही चुलींवरची माणसे एकत्र किनाऱ्यावर जातात. त्या दिवशी हे एक कुटुंब असते. दुसऱ्या दिवशी रेशनच्या रांगेत ती दोन असतात. यातले काही खोटे नाही. खोटी पडते ती एकच वही, जी या दोहोंपैकी एकालाच जागा ठेवते.